ग्रेड वेगळी, स्टेज वेगळी: गर्भपिशवीच्या कॅन्सरचा रिपोर्ट असा वाचा

मावशीचा बायोप्सी रिपोर्ट घेऊन नाशिकला द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, ‘ग्रेड १’ वाचून ती म्हणाली, म्हणजे पहिलीच स्टेज ना? नाही गं मावशी. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्यात, स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय, आणि पक्की स्टेज बहुतेकदा पिशवी काढून तपासल्यावरच कळते. ढोबळमानाने स्टेज १ म्हणजे गर्भाशयातच, २ पिशवीच्या तोंडात, ३ आसपास किंवा लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींत), ४ मूत्राशय, आतडं नाहीतर लांबच्या अवयवांत. एमएमआर, पी५३ या कॅन्सरच्या पेशींवरच्या टेस्ट केल्यात का तेही विचारा, ट्रीटमेंट त्यावरही ठरते.

उपचारानंतर आजार उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या २-३ वर्षांत, म्हणून फॉलोअप चुकवू नका, द्राक्षाची छाटणी असली तरी! आणि अंगावरून थेंबभर जरी रक्त गेलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.