असेंब्ली सगळ्यांची, पार्ट एकेकाचा

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेच्या बाजूला एखाद्या मशीन शॉपच्या डिझाइन विभागात नवीन लागलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ओरडतं, "बेसप्लेट कोण उघडून बसलंय रे?" सगळे एकमेकांच्या स्क्रीनकडे बघतात. बहुतेक वेळा ती फाइल अडवणाऱ्यालाच ठाऊक नसतं की आपण अडवलीय. कारण त्यानं बेसप्लेट उघडलेलीच नसते, वरची अख्खी असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट एकत्र बसवलेली फाइल, उघडलेली असते.

कॉलेजात कॉटर जॉइंट, कपलिंग आपण एकट्यानं काढतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चौघं असतात, पण तिथं पेन ड्राइव्ह फिरतो आणि 'फायनल_न्यू_२' नावाच्या फाइली जमतात. त्यामुळे आज्ञा सगळ्या पाठ आणि एका असेंब्लीत तिघांनी काम करायचं म्हणजे काय हे कोरं, अशी मुलं दरवर्षी येतात. मी इथं सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या प्रोग्रॅमबद्दल लिहितेय, कारण आमचं काम त्यावर चालतं. कास्टिंगच्या मशीनिंगसाठी फिक्स्चर, म्हणजे कास्टिंग जागेवर पक्कं धरून ठेवणारी साधनं, बनवायची, हे ते काम.

असेंब्लीच्या फाइलमध्ये मुख्यतः कोणता पार्ट कुठल्या फोल्डरमधून आणायचा, कुठं बसवायचा आणि कुठल्या मेटनं (दोन पार्ट एकमेकांशी जुळवणाऱ्या अटीनं) धरायचा एवढंच असतं. आकार त्या त्या पार्टच्या फाइलमध्ये. म्हणून बदलाचा हक्कही असेंब्लीला एकगठ्ठा लागत नाही, प्रत्येक फाइलचा वेगळा असतो. सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये साधा नियम चालतो: जो आधी उघडेल त्याला राइट ॲक्सेस, मागून येणाऱ्याला रीड-ओन्ली. तुम्ही सकाळी नुसतं बघायला म्हणून चाळीस पार्टची असेंब्ली उघडली आणि चहाला गेलात, तर त्या पार्टवर बसलेले बाकीचे तुमची वाट बघत बसतात. फोल्डरमध्ये नावाच्या सुरुवातीला ~$ असलेली लपलेली छोटी फाइल दिसते ती त्याच पकडीची खूण. ती हातानं डिलीट करायचा सल्ला कुणी दिला तर आधी सगळ्यांना विचारा. सॉलिडवर्क्स क्रॅश होऊन ती मागं राहिली असेल तर ठीक, पण कुणी खरंच काम करत असेल तर त्याचं काम गोत्यात येतं.

यावरचा उपाय प्रोग्रॅममध्येच आहे आणि तो फार कमी जण चालू करतात. सिस्टिम ऑप्शन्समध्ये कोलॅबोरेशन नावाचं पान आहे, तिथं मल्टी-यूजर एन्व्हायर्न्मेंटवर टिक करा. मग 'मेक रीड-ओन्ली', 'गेट राइट ॲक्सेस' आणि 'रीलोड' या आज्ञा हाताशी येतात. वरची असेंब्ली रीड-ओन्ली उघडायची आणि आपल्या वाट्याच्या सब-असेंब्लीपुरताच राइट ॲक्सेस घ्यायचा. काम झालं की सेव्ह करून परत रीड-ओन्ली. शेजारच्यानं क्लॅम्प बदलला असेल तर रीलोड करून नवा क्लॅम्प आपल्या स्क्रीनवर आणायचा. आठवडाभरात हाताला सवय लागते.

त्याच सिस्टिम ऑप्शन्समधल्या एक्स्टर्नल रेफरन्सेसच्या पानावर मात्र जपून. जोडलेल्या फाइली रीड-ओन्ली उघडायचा पर्याय चांगला आहे. त्याच्याजवळच रीड-ओन्ली फाइली सेव्ह करायचं विचारू नको, बदल टाकून दे, असा दुसरा पर्याय आहे. रोजच्या कटकटीच्या खिडक्या बंद होतात म्हणून लोक तो टिक करतात. मग दुसऱ्याच्या पार्टमध्ये तासभर केलेला बदल एक शब्द न बोलता जातो. माझं मत, नवख्यानं तो बंदच ठेवावा. खिडकी आली की वाचावी.

याहून चकवा देणारी गोष्ट म्हणजे असेंब्लीत बसून पार्ट काढणं. लोकेटरचं (कास्टिंगची जागा ठरवणाऱ्या पार्टचं) भोक बेसप्लेटच्या कडेवरून घेतलं की लोकेटर बेसप्लेटशी बांधला जातो. फीचर ट्रीमध्ये नावापुढे -> असा बाण येतो. बेसप्लेटवाल्यानं कड सरकवली की तुमचा लोकेटर तुम्ही हात न लावता बदलतो. म्हणजे फाइलचा हक्क तुमच्याकडे आणि मापाची दोरी त्याच्याकडे! ड्रॉइंग द्यायच्या आधी हे रेफरन्स लॉक करा, मग बाणापुढे चांदणी दिसते. आमच्याकडे मुख्य मापं एका लेआउट स्केचमध्ये असतात आणि ते स्केच एकट्या सीनिअरच्या ताब्यात. बाकीच्यांनी त्यावरून मापं घ्यायची, एकमेकांच्या पार्टवरून नाही. सुरुवातीला जाच वाटतो.

पीडीएम (डिझाइनच्या फाइली आणि त्यांची व्हर्जन सांभाळणारी प्रणाली) असलेल्या ठिकाणी लागलात तर यातलं पुष्कळसं आपोआप होतं. फाइल व्हॉल्टमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक कोठारात असते, चेक-आउट केलेल्यालाच बदलता येते, चेक-इन केलं की नवं व्हर्जन पडतं. रिलीज झालेल्या, म्हणजे मंजूर होऊन पक्क्या झालेल्या ड्रॉइंगला कुणीच हात लावू शकत नाही अशी परवानगी वर्कफ्लोमध्ये बांधता येते. व्हर्जन म्हणजे तुमची दर वेळची नोंद आणि रिव्हिजन म्हणजे शॉपवर गेलेल्या ड्रॉइंगवरचं अक्षर, यात घोळ नको. इथं नवी मुलं असेंब्लीखालच्या फाइलींच्या सगळ्या झाडाला टिक करून चेक-आउट करतात, ते टाळा. आणि गणपतीला गावी, खानापूर म्हणा, चंदगड म्हणा, निघायच्या आधी सगळं चेक-इन करा. ॲडमिन तुमचं चेक-आउट रद्द करू शकतो, पण तुमच्या संगणकावर पडून राहिलेले बदल व्हॉल्टमध्ये येत नाहीत. चेक-इनची टीप इंग्रजीत, मापासकट: कुठलं भोक, किती होतं, किती झालं. टेबलापलीकडचा मराठी बोलतो, शॉपवरचा सुपरवायझर कन्नड आणि कस्टमर पुण्याचा. आकडा तिघांनाही कळतो.

छोट्या शॉपमध्ये पीडीएम नसतं, कधी गूगल ड्राइव्हवर भागवतात. त्याला फक्त फाइली कळतात, कुठला पार्ट कुठल्या असेंब्लीत बसलाय हे कळत नाही. दोघांनी एकदम सेव्ह केलं की फाइलची दुसरी प्रत उभी राहते आणि असेंब्ली जुन्या नावालाच धरून बसते. तिथं निदान एवढं मागून घ्या: रिलीज झालेल्या फाइलींचा फोल्डर वेगळा, त्यात लिहायची परवानगी एकालाच. पॅटर्नवाल्याला आणि लेझर कटिंगवाल्याला स्टेप (इतर प्रोग्रॅममध्येही उघडणारी थ्रीडी फाइल) आणि पीडीएफ त्याच फोल्डरमधून जाईल, कुणाच्या डेस्कटॉपवरून नाही.

मुलाखतीला जाताना पोर्टफोलिओत सुंदर रेंडर असतातच सगळ्यांच्या. त्याऐवजी मित्राबरोबर दोन लॅपटॉप एका नेटवर्कवर जोडून पाच-सहा पार्टचं फिक्स्चर करून बघा, भांडण झालं की कुठं झालं ते लिहून ठेवा. "टीममध्ये काम केलंय का?" या प्रश्नाला मग सांगण्यासारखं काहीतरी असतं, आणि समोरचा सीनिअर हमखास पुढचा प्रश्न विचारतो: टॉप असेंब्ली कुणाकडे होती?