शेतात भजन-लेझीमची शाळा काढताय? आधी एनए करा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात दोन पत्रे टाकून वर्ग सुरू करायची लोकांना भारी घाई. बांधकाम नंतर, आधी जमीन बिगरशेती (एनए) करून घ्या. कर्नाटक जमीन महसूल कायदा, 1964 चं कलम 95 त्यासाठीच आहे. परवानगी जिल्हाधिकारी देतात, अर्ज ऑनलाइन होतो. विनापरवाना वापर केला तर कलम 96 खाली दंड.

पहिलं काम उताऱ्याचं. उतारा कन्नडमध्ये असतो, तेव्हा वाचणारा शेजारी बसवा आणि एकेक रकाना बोट ठेवून बघा. रकाना 9 मध्ये मालक. तिथं वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर आधी वारसा फेरफार, बाकी सगळं नंतर. रकाना 11 मध्ये बोजा: सोसायटीचं पीककर्ज फिटलं तरी तिथं तसंच लोंबकळत राहतं. बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा) जोडून ते कमी करून घ्या. चुलत्यांची नावं सामाईक असतील तर त्यांच्या सह्या लागणार. हे प्रकरण चहावर मिटवावं, कचेरीत नव्हे.

सगळा सर्वे नंबर नको, वीस गुंठेच हवेत? मग मोजणी करून 11-ई नकाशा, म्हणजे तेवढ्याच तुकड्याचा मोजणी नकाशा, घ्या. सोबत फेरफाराची नक्कल नि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र.

बेळगाव शहराजवळ जमीन असेल तर बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) आराखड्यात ती कशासाठी राखलीय ते आधीच विचारा. हिरव्या पट्ट्यात (शेतीसाठी राखलेल्या भागात) असली तर माझ्या मते दुसरी जागा शोधलेली बरी.

अर्जात हेतू ‘शैक्षणिक’ लिहा. आदेश हातात आल्यावरही बांधकाम परवाना वेगळा काढावा लागतो, खेड्यात तो ग्रामपंचायतीकडून.