तयार घर दुसऱ्या जागेवर नेताना

आमचं घर कारखान्यात तयार होऊन आलेलं, उचलून नेता येणारं. ते २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच आहे. खाली सी-चॅनेलची, म्हणजे इंग्रजी सी आकाराच्या लोखंडी तुळयांची चौकट, भिंती ५० मिलिमीटरच्या पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या. हे निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं त्यातच राहतो. आधी सासवडजवळ भाड्याच्या जागेवर होतो, आता भोर तालुक्यात स्वतःच्या वीस गुंठ्यांवर आहोत. हे घर मी दोनदा हलवलं. पहिल्यांदा बेल्ट छतावरून आवळले, त्यामुळे पॅनलची कड दबली आणि तो अख्खा पावसाळा पलंगाशी परात ठेवून काढला. दुसऱ्यांदा घर जसंच्या तसं पोचलं. तेव्हा काय वेगळं केलं ते लिहिते.

अशा घराचा सगळा जीव खालच्या चौकटीत असतो. भिंती आणि छत तिच्यावर नुसती उभी असतात. म्हणून उचलायचं चौकटीला धरून, बांधायचं चौकटीला आणि टेकवायचंही चौकटीवरच. ट्रक, क्रेन या पुढच्या गोष्टी.

सुरुवात नव्या जागेपासून करा, आणि निदान दीड महिना आधी करा. जमीन शेतीची असेल तर तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या, विजेच्या जोडणीचा अर्जही लगेच देऊन टाका. मग खड्डे. आमच्याकडे वर काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर ठेवलेलं काहीही वर्षभर एका पातळीत राहत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं. कुठे तीन फुटांवर लागला, एका कोपऱ्यात साडेचारवर. एका बाजूला तीन असे सहा खांब घेतले, जमिनीपासून दीड फूट वर. खालून वारा खेळतो, पाणी साचत नाही आणि पुढे पाइप दुरुस्त करायला माणूस आत सरकू शकतो. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर १० मिलिमीटरची लोखंडी प्लेट आणि काँक्रीटमध्ये रुतवलेले बोल्ट.

गुनिया लावून कोपरे काटकोनात आणले तरी कर्ण मोजल्याशिवाय गवंड्याला सोडू नका. २० बाय ८ च्या आयताचे दोन्ही कर्ण २१ फूट साडेसहा इंच भरले पाहिजेत. आमचा एक अडीच इंचांनी जास्त आला, म्हणजे दोन खांब तिरके बसत होते. काँक्रीट ओतण्याआधी कळलं म्हणून निभावलं. प्लेटांची पातळी मी पारदर्शक नळीत पाणी भरून स्वतः पाहिली. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी पातळी चुकते, म्हणून आधी नळी झटकून घ्यायची. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. तेवढे दिले, आणि पहिले दोन आठवडे रोज पाणी मारलं.

रस्ता स्वतः बघून या. आमचा होता सासवड, नारायणपूर, केतकावळे, कापूरहोळ, भोर. नारायणपूरनंतरच्या घाटात लांब ट्रेलरला वळणं त्रासाची, म्हणून २२ फुटी हौद्याचा, कडेचे फाळके काढलेला साधा ट्रक घेतला. हौदा जमिनीपासून चार फूट, त्यावर साडेआठ फुटी घर, म्हणजे साडेबारा फूट. आदल्या रविवारी टोक जमिनीपासून १४ फुटांवर येईल असा कोरडा पीव्हीसी पाइप टेम्पोत उभा बांधून पूर्ण रस्ता फिरलो. गावातल्या दोन ठिकाणी घरांच्या जोडणीच्या तारा लोंबत होत्या. तिथे हात लावायचा नाही, काठीने तार उचलायची नाही. वायरमनला सांगून ठेवलं, त्याने त्या दिवशी लाइन बंद करून वाट दिली. रुंदीचंही लक्षात ठेवा: रस्त्यावरच्या वाहनाला साधारणपणे २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फुटांची मर्यादा आहे. दहा फुटी घर न्यायचं तर वेगळी परवानगी लागते. नवीन घर घेणाऱ्यांना मी म्हणूनच आठ फुटीच घ्या असं सांगते.

खरी अडचण बहुतेकदा शेवटच्या पन्नास फुटांत असते. रस्त्याकडेच्या चारीवर आमचा जुना सिमेंटचा पाइप होता, बैलगाडीपुरता. भरलेला ट्रक त्यावर गेला असता तर पाइप फुटून घर चारीत कललं असतं. एनपी-३ दर्जाचा, म्हणजे वाहनांचा भार पेलणारा सिमेंटचा पाइप टाकून वर मुरूम दाबून घेतला.

आता उचलणं. आमचं रिकामं घर वजनकाट्यावर २,६४० किलो भरलं. तरी हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, १४ टनी सांगितली, कारण बूम, म्हणजे तिचा हात, जितका लांब काढाल तितकी तिची ताकद घटते. चौकटीला चार ठिकाणी उचलायचे कान वेल्ड केलेले असावेत. नसतील तर चांगल्या वेल्डरकडून आधी करून घ्या. बेल्ट कानांपासून थेट हुकाकडे नेले तर ते भिंती आत दाबतात. यासाठी वर आडवा स्प्रेडर, म्हणजे बेल्ट फाकवून धरणारी लोखंडी दांडी, लागतो, म्हणजे बेल्ट भिंतीजवळून सरळ खाली येतात. क्रेनवाल्याकडे तो मागाच. स्प्रेडर आणि हुक यांच्यातल्या बेल्टचा कोन जमिनीशी ६० अंशांपेक्षा कमी नको. दोन बेल्टवर भार असेल तर ६० अंशांवर प्रत्येकावर वजनाच्या साधारण ५८ टक्के ताण येतो, ३० अंशांवर पूर्ण वजनाइतका.

त्याआधी घर मोकळं करा. सिलिंडर, बॅटरी आणि छतावरची टाकी काढा, पाइपांतलं पाणी सोडून द्या, काचा उतरवून गाद्यांमध्ये ठेवा. वायरमनकडून वीज, विजेच्या खांबापासूनच, तोडून घ्या.

हायड्राचे ऑपरेटर अनुभवी होते. त्यांनी घर अर्धा फूट उचललं आणि पाच मिनिटं तसंच धरलं. डावीकडचा मागचा कोपरा चार बोटं खाली होता. न्हाणीघर त्या बाजूला आहे. खाली ठेवून बेल्ट सारखे केले, पुन्हा उचललं. "ताई, घाई नको," एवढंच ते म्हणाले. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना लांब दोऱ्या बांधून दोन माणसं घर झुलू देत नव्हती. घर लोंबकळत असताना खाली कोणी जायचं नाही, भिंतीला हात लावून ढकलायचंही नाही.

ट्रकमध्ये लाकडी स्लीपर टाका, तेही खांब येतात त्याच सहा जागी. साखळ्या चौकटीला. दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, कारण हादऱ्यांनी त्या सैल पडतात. आमच्या दोन पडल्याच होत्या.

खांबांवर टेकवल्यावर बोल्ट लगेच आवळू नका, आधी दार उघडून बघा. आमचं दार वरच्या कोपऱ्यात नखभर घासत होतं. ओलं फडकं लावून पाहिलं तर रंगावर बारीक चंद्रकोरीसारखी खूण उठलेली. दोन मिलिमीटरची पत्री प्लेट एका खांबावर सरकवली आणि दार अर्ध्यावर सोडलं तर तिथेच थांबलं, ना उघडत ना मिटत. मग सगळे बोल्ट घट्ट. वळवाचा वारा हलकं घर उचलू शकतो, तेव्हा नुसतं वजनावर ठेवून चालत नाही.

घर लोखंडी आहे, त्यामुळे नव्या जागी नवं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हे झाल्याशिवाय वीज सुरू करायची नाही. यात तडजोड करू नका.

सामान आत नेण्याआधी मी छतावर नळीने अर्धा तास पाणी सोडलं आणि हे आत बॅटरी घेऊन सांधे बघत बसले. एका स्क्रूपाशी थेंब आला. तिथे वॉशर बदलून सिलिकॉन भरलं. मग गाद्या आत गेल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमारास, पुन्हा नळी घेऊन सहाही खांबांची पातळी पाहिली आणि दोन बोल्ट अर्धा आटा आवळले.