नग की किलो: ऑनलाइन खरेदी प्रणाली निवडतानाचा माझा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन कारखान्याचा खरेदी विभाग मी सांभाळतो. पूर्वी आमचा इंडेंट, म्हणजे कारखान्यातून येणारी मालाची मागणी, कागदावर असे, कोटेशन फोनवर येत आणि परचेस ऑर्डर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून छापली जाई. इतवारीतील हार्डवेअर व्यापाऱ्याला सकाळी कळवले की माल संध्याकाळच्या टेम्पोने पोहोचत असे. पुरवठादारांच्या कॅटलॉगमधून थेट ऑर्डर देता येईल अशी ऑनलाइन प्रणाली निवडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा किंमत, वापरण्याची सोय आणि टॅलीशी जोडणी एवढेच पाहायचे असते, असा माझा समज होता. त्या समजाचे ओझे मला आजही जाणवते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी निदान ही एक चूक टाळावी, असे मला मनापासून वाटते.

ती चूक एककाची होती. एम-१२ मापाचा, ५० मिलिमीटर लांबीचा षट्कोनी बोल्ट आमच्या स्टोअरमध्ये नगावर मोजला जातो, पण व्यापारी तो किलोवर विकतो. एका किलोत असे साधारण १७-१८ बोल्ट बसतात. आमची वस्तूंची यादी नव्या प्रणालीत चढवताना मी एका रात्रीत सगळी फाइल आयात केली आणि प्रत्येक वस्तू पुरवठादाराच्या कॅटलॉगशी जोडून टाकली. प्रणालीने आकडा तेवढा पुढे नेला, एकक मात्र कॅटलॉगचे धरले. त्यामुळे २०० नगांच्या इंडेंटवरून २०० किलोची ऑर्डर गेली. जेमतेम बारा किलोंची गरज असताना सुमारे साडेतीन हजार बोल्ट आले.

हे कुठेच अडले कसे नाही, हे नीट समजून घ्या, कारण खरा धोका तिथेच आहे. तीस हजारांखालील ऑर्डरला वेगळी मंजुरी लागू नये, ही मर्यादा मीच ठरवली होती आणि ही ऑर्डर तिच्या आत बसली. माल आला तेव्हा पडद्यावर ‘मागवले २००, आले २००’ असे दिसत होते. काट्यावर वजनही तेवढेच भरले, म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाला. बिलातही २०० होते. ऑर्डर, जीआरएन आणि बिल यांची तिहेरी पडताळणी बिनचूक पार पडली, कारण ती पडताळणी कागद कागदाशी जुळवते. कारखान्याला काय हवे होते, हे तिला कळत नाही. पुढे फिटरांनी नगावर बोल्ट उचलायला सुरुवात केली. दीडशे बोल्ट गेल्यावर शिल्लक ५० वर आली, असे प्रणालीने मानले आणि आपणहून आणखी २०० किलोची ऑर्डर पाठवली. दुसरा माल उतरत असताना आमचे जुने स्टोअरकीपर काका माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “रॅकखाली पोती तशीच पडली आहेत, मग हाच बोल्ट पुन्हा कशासाठी मागवला?” दुसरा माल परत गेला आणि पुरवठादाराने क्रेडिट नोट देऊन ती रक्कम आमच्या खात्यात जमा धरली, पण पहिल्या मालात अडकलेला पैसा मोकळा व्हायला पुष्कळ महिने लागले.

म्हणून निवड करताना साठ्याचे एकक, खरेदीचे एकक आणि बिलाचे एकक यांसाठी तीन वेगळे रकाने आहेत का, हे पाहा. त्यांतील रूपांतराचा गुणक, म्हणजे एका किलोत किती नग असा आकडा, प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक पुरवठादाराला स्वतंत्र देता आला पाहिजे. विक्रेत्याच्या नमुना यादीवर डेमो पाहू नका. आपल्याच दहा अडचणीच्या वस्तू घेऊन बसा. रंग डब्यात येतो आणि लिटरने खर्च होतो, केबल कॉइलमध्ये येते आणि मीटरने कापली जाते. ६ मिलिमीटर जाडीची, २५०० बाय १२५० मिलिमीटर मापाची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट स्टोअरमध्ये एक नग असते आणि बिलावर साधारण १४७ किलो. या वस्तूंचा इंडेंटपासून बिलापर्यंतचा प्रवास समोर करून दाखवायला सांगा. ‘ते नंतर करून देऊ’ असे उत्तर मिळाले, तर तिथून उठा. स्वयंचलित पुनर्मागणी ठेवायचीच असेल, तर तिने फक्त इंडेंट तयार करावा. ऑर्डर माणसाच्या हातूनच जावी.

सल्लागारांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ज्याने कधी स्टोअरमध्ये उभे राहून माल उतरवून घेतलेला नाही, त्याच्याकडून प्रणाली निवडू नये. मला मार्गदर्शक मिळाला तो काकांच्या रूपाने, आणि तोही उशिरा, कारण आधी त्यांना विचारावे असे मला सुचले नाही.

तारखांबाबतही सावध राहा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजली जाते, म्हणून प्रणालीत जीआरएनची तारीख मागाहून बदलता येता कामा नये. निव्वळ व्यापारी या तरतुदीत येत नाहीत. पुरवठादाराच्या नोंदीत उत्पादक आणि व्यापारी असा भेद ठेवण्याची सोय असावी. २०१६ साली सुरू झालेले जेम पोर्टल सरकारी खरेदीसाठी आहे, खासगी कारखान्याला तिथे खरेदी करता येत नाही. नवे लोक हा प्रश्न नेहमी विचारतात.

हे वाचून धास्ती घेऊ नका. आम्ही तीच प्रणाली आजही वापरतो. काकांसोबत बसून रोज चाळीस वस्तू, या गतीने आम्ही सगळी यादी पुन्हा तपासली, गुणक भरले, आणि पुढचे तीन महिने कागदी इंडेंट समांतर चालू ठेवला. ते काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. तुम्हाला ते सुरुवातीलाच करता येईल.