अँटिबायोटिक लिहून दिलीय? गोळी तोंडात टाकायच्या आधी हे बघा

अँटिबायोटिक म्हणजे तापाची गोळी नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ती बॅक्टेरियावर चालते, व्हायरसवर नाही, त्यामुळे साधी सर्दी, फ्लू आणि बऱ्याचदा घसादुखीत पण तिचा काडीचा उपयोग नसतो, आणि शेंबूड हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरियाच असणार असंही नसतं. पेनिसिलिन बॅक्टेरियाची बाहेरची भिंत नीट बनू देत नाही म्हणून तो फुटून मरतो. व्हायरसला तसली भिंतच नसते, मग औषध करणार काय?

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारायचं, कशासाठी देताय, टेस्ट लागेल का, किती दिवस, जेवणाआधी की नंतर. पूर्वी कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठलं असेल, प्रेग्नन्सी असेल, दुसरी औषधं चालू असतील तर त्यांनी विचारायची वाट बघू नका, स्वतःहून सांगा.

दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी, कारण रक्तातलं औषधाचं प्रमाण टिकायला हवं. डोस राहिला तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्याची वेळ होतच आली असेल तर राहिलेला सोडा, दोन एकदम घेऊ नका. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर कॅल्शियम, आयर्न, अँटासिड त्याच वेळी नको, ते पोटात औषधाला धरून बसतात आणि मग औषध अंगी लागतच नाही. डॉक्सी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. लहान मुलांचं सिरप घरातल्या चमच्याने मोजू नका प्लीज, सोबतचं माप किंवा सिरिंज वापरा.

दोन दिवसात बरं वाटतं आणि इथेच लोक गोळ्या बंद करतात. किती दिवस ते आजारावर असतं, बायकांच्या साध्या लघवीच्या इन्फेक्शनला काही औषधांचे 3 दिवस पुरतात, टीबीच्या नेहमीच्या कोर्सला 6 महिने लागतात, त्यामुळे थांबवायचं तर डॉक्टरांना विचारूनच. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच 1945 साली नोबेलच्या भाषणात बजावलं होतं की अपुऱ्या डोसने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

थोडे लूज मोशन होऊ शकतात. पण चेहरा सुजला, श्वास लागला तर थेट हॉस्पिटल, शौचातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, हे फक्त माणसांपुरतं नाही. सफरचंद-नाशपातीच्या झाडांवर एका जिवाणूजन्य रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन फवारतात, कोंबड्या-डुकरांना नुसतं वजन वाढावं म्हणून अँटिबायोटिक द्यायचे, युरोपियन युनियनने ते 2006 पासून बंद केलं. तुमच्याकडे दुभतं जनावर असेल आणि त्याला असं औषध चालू असेल तर दूध किती दिवस वापरायचं नाही ते पशुवैद्यांकडून लिहूनच घ्या आणि तेवढे दिवस ते दूध कुणालाच देऊ नका.