कॉलेजच्या पेपरात विज्ञान लिहायचंय? कोल्हापुरातला माझा अनुभव

एफवायला आलेली बरीच पोरं विचारतात की विद्यार्थ्यांच्या पेपरात विज्ञानावर लिहायचं तर सुरुवात कुठनं करायची, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी फिजिक्समधून बीएस्सी करताना कोल्हापुरात एका चार पानी मासिक पेपरात विज्ञानाचं पान बघायचो, एमएस्सीला गेल्यावरही ते सुटलं नाही आणि आता लिहिणं हेच काम झालंय.

पहिली गोष्ट, नासाच्या बातम्या सोडून द्या. आपला अंक महिन्यातनं एकदा निघतो, तोवर ती बातमी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेलेली असते आणि आपल्याकडं त्यात नवीन सांगण्यासारखं काही नसतं. आपली खरी ताकद म्हणजे आपण जवळ आहोत. नदी जवळ, गुऱ्हाळं जवळ, विद्यापीठातल्या लॅब जवळ, शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या जवळ. मोठ्या शहरातला पत्रकार इथं येऊन जे दोन दिवसात करेल ते आपण सायकलवर संध्याकाळी जाऊन करू शकतो.

उदाहरण म्हणून किरणोत्सव घ्या. अंबाबाईच्या देवळात 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणापर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. पण याच तारखा का, हे किती जणांनी विचारलंय? कॅलेंडर घेऊन बसा. 10 नोव्हेंबरपासून 22 डिसेंबरपर्यंत 42 दिवस आणि तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 41. म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस बरोबर मध्ये येतो. सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो, 21-22 डिसेंबरला वळतो आणि त्याच वाटेनं परत येतो, त्यामुळं क्षितिजावरच्या त्याच ठिकाणी तो वर्षातनं दोनदा मावळतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. कोल्हापुरातनं बघितलं तर त्या दिवसांत तो बरोबर पश्चिमेला मावळत नाही, साधारण 18 अंश दक्षिणेकडं सरकलेला असतो. हे सगळं तुम्ही स्वतः तपासू शकता, मोबाईलमधलं होकायंत्र आणि रंकाळा तलावाचा काठ एवढं पुरतं. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात, ढग आणि धूळ असली की किरणं अडतात का, महाद्वार रोडवरच्या उंच बांधकामांनी काय होतं, हे मोजतं कोण. त्या मोजणाऱ्या माणसाला गाठा. भाविकाशीही बोला, आणि आदरानं बोला. असल्या विषयात काही जण मथळ्यातच भांडण लावतात, एक गट चमत्कार म्हणतो, दुसरा अंधश्रद्धा म्हणतो, मला दोन्ही पटत नाही, कारण भूमिती समजावून सांगितली की वाचक स्वतःच थक्क होतो आणि बांधणाऱ्यांच्या निरीक्षणाबद्दल त्याला आदरच वाटतो.

आता आकड्यांचं. पावसाळ्यात आपल्याकडं प्रत्येकाच्या तोंडी फूट, क्युसेक आणि टीएमसी असतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका पातळी, आणि 2019 ला आणि 2021 ला दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पण हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरचे आहेत, तुमच्या गल्लीत किती पाणी येणार हे त्यावरून थेट निघत नाही, आणि हे एक वाक्य बातमीत असलं की घाबरलेल्या माणसाला खरंच उपयोग होतो. तसंच राधानगरीचं. धरण भरलं की तिथले स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक विसर्ग अशी बातमी येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला 40 हजार लिटर, 10 हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला रिकामे झाल्यासारखं. असे सात दरवाजे आहेत. आणि एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, म्हणजे 11,574 क्युसेकनं पूर्ण 24 तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. हे गणित एकदा स्वतः करून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गावरनं वाद पेटतो तेव्हा दोन्ही बाजूंचे आकडे तुम्हाला ताडून बघता येतात.

लॅबबद्दल. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिशय पातळ थरांवर, बरीच वर्षं काम चालतं. तिथं विभागप्रमुखांची वेळ घ्या, पण त्यांच्याशी बोलणं झाल्यावर रिसर्च करणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत बसा, मशीन तेच चालवतात. एकदा एका मुलीनं मला बीकरमध्ये काचेची पट्टी उभी करून कॅडमियम सल्फाइडचा थर कसा चढतो ते दाखवलं होतं. द्रावण हळूहळू पिवळं होत जातं, पट्टी बाहेर काढून पाण्यानं धुतली की काचेवर पिवळा रंग बसलेला असतो आणि तो बोटानं पुसला जात नाही. त्या थराची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. असले थर सोलर सेलमध्ये वापरतात, आणि सोलर सेलवर मी जे काही वाचलं होतं त्यापेक्षा त्या पट्टीनं जास्त शिकवलं, आणि लेखाची सुरुवातही त्या बीकरनंच केली.

विचारायचे प्रश्न मात्र आधी ठरवून जा. "सर तुमच्या संशोधनाबद्दल सांगा" म्हटलं की सर अर्धा तास लेक्चर देतात. त्याऐवजी विचारा, तुमचं म्हणणं चुकीचं असतं तर प्रयोगात काय दिसलं असतं? दुसऱ्या कुठल्या लॅबनं हे करून बघितलंय का? अजून काय कळलेलं नाही? हा शेवटचा प्रश्न ऐकला की चांगला संशोधक खुलतो, बघा.

बाहेरच्या संशोधनावर लिहायचंच असेल तर मूळ रिसर्च पेपर उघडा, निदान ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, आणि शेवटचा मर्यादांचा भाग वाचा. प्रयोग पेशींवर केलाय, उंदरांवर की माणसांवर, आणि किती जणांवर, हे लेखात आलंच पाहिजे. तो प्रीप्रिंट असेल, म्हणजे इतर तज्ज्ञांनी अजून तपासलेला नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. आणि टक्क्यांपासून सावध राहा. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सांगितलं की रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. बऱ्याच वाचकांना वाटलं शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर होणार. तसं नाही, मुळात जो धोका आहे त्यात 18 टक्के भर, म्हणजे शंभरात पाच जणांना होणार असेल तर तो सहाच्या आसपास जातो. "कशाच्या 18 टक्के" हे लिहिलं नाही तर आकडा बरोबर असूनही बातमी चुकीची होते.

लिहिताना 400-500 शब्दांच्या वर जाऊ नका, जागा तेवढीच मिळते. एका लेखात एकच कल्पना नीट समजवा. लिहून झालं की कॉमर्सच्या मित्राला मोठ्यानं वाचून दाखवा, तो जिथं मोबाईल बघायला लागतो तिथं खूण करा. तज्ज्ञाला अख्खा लेख पाठवू नका, असं माझं ठाम मत आहे, कारण मग तो त्यांच्या रिसर्च पेपरसारखा होऊन परत येतो, पण आकडे आणि त्यांच्या तोंडची वाक्यं फोनवर वाचून दाखवा. मथळा बऱ्याचदा दुसरंच कोणीतरी लावतं, त्यामुळं अंक छापायला जायच्या आधी तो बघायचा हट्ट धरा.

मराठीत विज्ञान जमत नाही असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. जयंत नारळीकर 1938 साली याच कोल्हापुरात जन्मले, जगात नाव झालेलं खगोलशास्त्र केलं आणि आयुष्यभर मराठीत लिहिलं.

करिअरचं विचाराल तर मराठी पेपरांत फक्त विज्ञानाचा पत्रकार अशी नोकरी फार कमी, पण शेती, आरोग्य, हवामान, पूर या बातम्या रोज असतात आणि तिथं आकडे समजणारा माणूस हवाच असतो. शिवाय संशोधन संस्था, आकाशवाणी, अनुवाद, पाठ्यसामग्री, अशी कामं मिळत जातात. मला पहिलं पैसे देणारं काम छापलेल्या लेखांची फाईल दाखवूनच मिळालं, त्यामुळं प्रत्येक अंकाच्या दोन प्रती जपून ठेवा.

आणि संपादकाला विषय सांगताना दोन ओळी पाठवा, वाचकाला यात नवीन काय कळणार, आणि तुम्ही कोणाला भेटणार, काय बघायला जाणार. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर आधी दोन फोन करा, मग पाठवा.