कॅर की व्हारकॅर: डेटाबेसच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

डेटाबेसच्या नोकरीच्या मुलाखतीत कॅर (CHAR) आणि व्हारकॅर (VARCHAR) या मजकूर साठवण्याच्या दोन कॉलम-प्रकारांतील फरक हमखास विचारला जातो, आणि ‘पहिला ठरावीक जागा घेतो, दुसरा लागेल तेवढी’ हे पाठ केलेले उत्तर तिथे खपूनही जाते. प्रत्यक्ष कामात मात्र जागेपेक्षा तुलनाच जास्त नडते.

एका बँकेच्या प्रणालीची देखभाल करताना माझ्याकडे आलेली तक्रार अशी होती की, शाखा यादीत दिसते पण शोधली की सापडत नाही. ओरॅकल या डेटाबेसमधला तो कॉलम कॅर(१०) होता, शाखेचा संकेतांक सहा अक्षरी, आणि उरलेल्या चार जागा ओरॅकलने स्पेसने भरलेल्या. एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या साधनावर हाताने क्वेरी चालवली की ओळ मिळे. जावा प्रोग्राममधून तीच क्वेरी गेली की काहीच हाती लागत नसे. क्वेरीत अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर ओरॅकल कॅर समजते आणि स्पेस भरून तुलना करते, तर जावा प्रोग्राम पाठवत होता तसा बाइंड व्हेरिएबलमधून (क्वेरीत राखलेल्या जागी वेगळे पाठवलेले मूल्य) आलेला मजकूर व्हारकॅर२, म्हणजे ओरॅकलचा व्हारकॅर, ठरतो आणि मग शेवटचे स्पेसही तुलनेत धरले जातात. पुष्कळ जण अशा वेळी कॉलमला ट्रिम हे कडेचे स्पेस काढणारे फंक्शन लावून मोकळे होतात, पण तसे केल्यास त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जात नाही. त्यापेक्षा कॉलमचा प्रकारच बदलावा, आणि बदलल्यावर जुन्या ओळींतले स्पेस एकदा काढून टाकावेत, कारण ते आपोआप जात नाहीत.

आयएफएससी ११ अक्षरांचा, पॅन १० अक्षरांचा. अशा नियमाने बांधलेल्या मजकुराला कॅर चालतो, इतकेच. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजात तर कॅर, व्हारकॅर आणि टेक्स्ट या तिन्हींत कॅर सहसा सर्वांत मंद असल्याचे नमूद आहे.

मराठी नावांच्या बाबतीत पेच वेगळा आहे. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२(२०) मधील २० हे, मूळ सेटिंग बदललेले नसेल तर, बाइट असतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘त्र्यंबक’ दिसायला तीन अक्षरी असले तरी जोडाक्षरातले हलन्त आणि अनुस्वार धरून त्यात ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट होतात, आणि ओआरए-१२८९९ ही ‘मजकूर कॉलममध्ये मावत नाही’ अशी त्रुटी येते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये व्हारकॅर(२०) चिन्हेच मोजतो, त्यामुळे तिथे हे नाव सहज मावते. ओरॅकलमध्ये तेच साधण्यासाठी कॉलम तयार करताना व्हारकॅर२(२० कॅर) असे स्पष्ट लिहावे, आणि रोमन लिपीतल्या नावांवर चाचणी उरकणाऱ्या सहकाऱ्याला एकदा त्र्यंबक भरून पाहायला सांगावे.